तिसऱ्या चित्रातला जॉन्या

८ एप्रिल, मंगळ.
अंघोळ घालताना पोरगा, जॉन्या, माझ्या मनगटाला चावला. रक्त. वय चौतीस, अंगात बैलाचं बळ, समज तान्ह्याची. तांब्या मारून आरसा फोडला. आपलेच दात, आपलेच ओठ; सांगू कोणाला? त्याची आई असती तर…
हळद दाबून ब्रश धरला. चर्चच्या भिंतीवर क्रुसाच्या वाटेची, येशूच्या शेवटच्या चालीची, चौदा चित्रं फादरनी मला सांगितलीत. जन्मभर टेम्पोचे फाळके रंगवले, तेवढीच आपली शाळा. तिसरं राहिलंय: येशू पहिल्यांदा पडतो. पडलेला माणूस मला कोणी शिकवायला नको.

१० एप्रिल, गुरु.
झालं. वाकडा हात, फिरलेले डोळे, तोंडाला फेस. जॉन्याला झटका येतो तसाच येशू. शेजारची मार्थावहिनी बघून रडली.
"दादा, ह्यो तर आपला जॉन्या!"
"मग दुसरं कोन?"

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.
मिस्साची प्रार्थना सुटली, भिंतीपुढं गर्दी. पंच याकोबराव तापले. "देवाला फेफरं आनता व्हय?"
"तुमीच त्याला देवाचं लेकरू म्हनता की."
"म्हनतो. म्हनून देवच करायचा?"
त्यांच्या थोरल्या पोराने चित्राच्या तोंडावर डांबर ओतलं. जॉन्या परवापासून त्या तोंडावर बोट फिरवत होता. त्याने वीट उचलली. थोरल्याचं कपाळ फुटलं. मग लाथा, पट्टे. मी जॉन्यावर आडवा पडलो. बरगडी गेली, त्याचं डोकं वाचलं.

१५, मंगळ.
फादर आले, मान खाली. पंच म्हणतात, येशूचं तोंड नीट काढा, आणि गुड फ्रायडेला, शुक्रवारी, जॉन्या चर्चच्या आवारात नको.
"फादर, क्रुसाखाली कोन नीट दिसतं?"
चहा तसाच ठेवून गेले. जॉन्याला भरवताना त्याने भिरकावलेला चमचा माझ्या डोळ्याखाली बसला. अंग ठणकतंय त्याचं, दुसरं काय.

१७, गुरु.
डांबर खरवडलं. तोंड तेच काढलं. मागून धोंडा आला, कानाशेजारी भिंतीला लागला. वळलो नाही. ओठाची रेघ ओली होती.

१८, शुक्र.
सकाळीच मार्थावहिनी. "दादा, चर्चच्या फाटकात पोरं काठ्या घिऊन हायेत. म्हनत्यात, येडा आला तर जित्ता जायचा न्हाई. आजच्या दिस घरात ठिवा त्याला."
आज ठेवला की कायमचाच घरात.
त्याला पांढरा सदरा घातला. एक गुंडी त्याने तोडली, दुसरी लावली. तिकडं गीत सुरू झालंय, इथवर ऐकू येतं. जॉन्या उंबऱ्यात उभा राहून माझी बाही ओढतोय.
थांब रे बाबा, चष्मा तर घालू दे