एकशे तीन ताप

९ जाने., दुपार
अंडी उबवायच्या दुसऱ्या पेटीसाठी थर्मिस्टर काढला, निलंग्याला पाठवलेल्या पेटीत घातला त्याच पाकिटातला. मसुराएवढा काळा मणी, पण पेटीला ऊब किती ते त्यालाच कळतं. कोमट पाण्यात सोडला, सोबत आईचा ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर. बोर्डावर ३७.५. काचेत १०३. पाणी बदललं, पुन्हा तेच. १०३ म्हणजे सेल्सिअसमध्ये साडेएकोणचाळीस, अंड्याला दोन अंश जास्त.

नेहमीचा मणी संपला होता. दुकानदार म्हणाला, "दहा केचाच हाय ताई, सेम." पंचवीस अंशाला सेमच, दहा हजार ओहम. वर तापला की याचा रेझिस्टन्स हवा तेवढा उतरत नाही, आणि बोर्डाला वाटतं अजून गारच आहे. म्हणून ऊब देणारा बल्ब जळतच राहतो.

मी तपासला तो थंडीत, खोलीत, पंचवीसला. दरवेळी पेटी दोन दिवस चालवून पाहते. यावेळी आई म्हणाली, ही पेटी देवघराच्या भिंतीला नको. आम्ही लिंगायत, घरात अंडं येत नाही. घाईत पाठवून दिली. पण उगाच आईवर ढकलतेय. भांडंभर पाणी तापवायला मला कुणी अडवलं होतं?

त्या पेटीत निलंग्याला रेहानाआपांच्या घरी तीन दिवसांपासून ९६ अंडी आहेत. गल्लीतल्या अकरा जणींची, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. पेटी येणार म्हणून बायकांनी अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबड्या उठवल्या.

संध्याकाळ
आपांना फोन. सेटिंग ३५.८ करा म्हटलं, म्हणजे आत खरी ऊब साडेसदतीसला येईल.
"तुम्हीच म्हणलात ना, साडेसदतीसला हात लावू नका?"
मी म्हटलं, थंडी वाढलीय म्हणून.
थंडी वाढल्यावर सेटिंग कमी? बरं झालं, त्यांनी विचारलं नाही.

१० जाने.
पहिल्या गाडीने निलंगा. जुन्या बोर्डावरून काढलेला नेहमीचा मणी बसवला, सेटिंग परत ३७.५, काचेशी ताडून पाहिलं. बरोबर. आपांनी चहा केला. "लातूरहून येऊन मशीन बघून जातंय असं कोण हाय हो आजकाल." तरी खरं सांगितलं नाही. लाज वाटते स्वतःची.

१४ जाने. संक्रांत
परत निलंगा. खिडक्या लावून टॉर्चवर एकेक अंडं धरलं. जिवंत असलं की शिरांचं जाळं, मेलं की नुसतं लाल कडं. ४१ गेली. गल्लीतल्या चंद्रकलाबाईंच्या आठातली सहा. त्यांची कोंबडी एकच.
आपा म्हणाल्या, "कोंबडा बराबर नसंल."
तिथं मात्र राहवलं नाही. मणी, पाणी, १०३, सगळं सांगितलं. आपा गेलेली अंडी टोपलीत ठेवत राहिल्या. मग,
"थंडीचं काय सांगितलं होतं मग?"
मी खिडक्या उघडल्या.
"बायांना मी बोलावते. सांगायचं तुम्ही."
अंगणात उभी राहून सांगितलं. कुणी तिळगुळाचा डबा उघडला नाही. चंद्रकलाबाई एवढंच म्हणाल्या, "बसली होती की माझी कोंबडी. तुमचं ऐकून मीच उठवली." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ जाने.
एक दिवसाआड निलंगा. आईने विचारलं, एवढं काय अडलंय तिथं? सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाकरी थापत राहिली. दुसऱ्या पेटीचं काम बंद. पाकीट फेकलं नाही, टेबलावर समोर ठेवलंय.

२४ जाने.
अंडी फिरवणं थांबवलं, आता शेवटचे तीन दिवस हात लावायचा नाही. परवा पुन्हा ९ गेलेली निघाली. ४६ उरली. आपा कामापुरतं बोलतात. "उबेला बसलेल्या जिवाला कळतं का हो, काही चुकतंय ते?" त्यांनीच विचारलं, आणि आत गेल्या.

२६ जाने.
काही नाही. दोनदा फोन केला, दोनदा "न्हाई".

२७ जाने., सकाळ
एकविसावा दिवस. आपांचा फोन. "आतून आवाज येऊन राहिलाय. कवच फुटलं न्हाई अजून."
कुणाचं?
"चंद्रकलाचं एक वाटतंय. तिला बोलावलं न्हाई आजून. तुम्ही या आधी."
चपला घालताना आई दारात आली. "निघालं का काही?" अंडं हा शब्द अजून तिच्या तोंडून निघत नाही. म्हटलं, आवाज येतोय. तिने काचेचा थर्मामीटर पदराने पुसला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

स्टँडवर बसून लिहितेय. निलंगा गाडी लागली.