पेनिसिलिन चालत नाही

चिमणे,

परत दवाखान्यात चाललोय, शेजारचे मास्तर सोबत आहेत. घशासाठी दिलेली पेनिसिलिनची गोळी घेतली आणि अंगभर गांध्या उठल्या. श्वास नीट चालू आहे, उगाच धावत येऊ नकोस. उरलेल्या गोळ्या ओट्यावर आहेत. सर्दी झाली म्हणून त्या घेत बसू नकोस, सर्दीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. जेवण झाकून ठेवलंय.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठलं औषध चालत नाही का. तुझी आई होती तेव्हा तीच सांगायची, मी आपला शर्टाची बटणं लावत बसायचो. आजही सवयीने गप्प राहून शेजारच्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्चीवर माझीच पिशवी होती.

बाबा