चाकं आत, मूठ बाहेर

सोमवार, ४ मार्च. सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण गेल्या प्रवासातली फजिती. तिच्याबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. विमानाच्या दारात माझी बॅग नऊ किलो चारशे भरली. सात चालते. मागे मोठी रांग. मी तिथेच बॅग उघडून तीन शर्ट एकावर एक अंगात घातले. चौथ्याचं बटण लागेना. रांगेतली एक लहान मुलगी आईला म्हणाली, ते काका फुगले. सगळे हसले. मीही हसलो, पण ते खरं नव्हतं.

त्यातून आमची लेक त्याच कंपनीत केबिन क्रू. घरात तिला चिंगी म्हणतो. 'शर्टवाल्या काकां'ची गोष्ट तिच्या ड्युटीच्या खोलीत तिच्या कानावर आली. ते आपले बाबा आहेत हे लोकांना सांगितलंस का, असं मी फोनवर विचारलं. तिने विषय बदलला. म्हणजे सांगितलं नसणार. शहाणी आहे.

संकल्प: विमानात सामान कसं न्यावं हे यापुढे लोकांनी माझ्याकडून शिकावं. फरशांच्या गोडाऊनमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होतो. माझ्या हातची थप्पी कधी ढळली नाही. (एकदा ढळली ती धरत नाही. तिथे जमीनच उतरती होती.)

बुधवार, ६ मार्च
१४ तारखेची तिकिटं काढली आहेत. मेहुण्यांकडे चार दिवस. चिंगीचा फोन आला. त्याच विमानावर नेमकी तिची ड्युटी आणि त्याच दिवशी तिची तपासणी. पास झाली तर केबिनची इनचार्ज. सहा वर्षं वाट बघते आहे. एक तपासनीस बाई विमानात बसून सगळं टिपून घेणार. विमान वेळेवर सुटलं पाहिजे हे सर्वांत महत्त्वाचं. बाबा, तुम्ही तारीख बदलता का, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, अशा वेळी बाप जवळ असला की धीर येतो. ही म्हणाली, बदलून टाका. बायकोला तांत्रिक बाबी कळत नाहीत. शेवटी चिंगीने अट घातली. ओळख दाखवायची नाही आणि जागेवरून उठायचं नाही. शब्द दिला.

शनिवार, ९ मार्च
बेडरूमच्या माळ्यावर खडूने विमानातला कप्पा आखला. अगदी मापात. सकाळपासून सराव चालू आहे. चाकं आत, मूठ बाहेर. बॅग आडवी टाकायची नाही, कुशीवर उभी करायची. कोट आणि बारक्या पिशव्या कप्प्यात कोंबायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे आपली बॅग आपल्याच रांगेवर. पुढच्यांची जागा खाणं हा शुद्ध निर्लज्जपणा.

चिंगीला नोकरी लागली तेव्हाच मी तिला हे सांगितलं होतं. ती म्हणाली होती की ट्रेनिंगमध्येही हेच शिकवतात. म्हणजे ते माझ्याशी सहमत आहेत.

ही म्हणाली, स्टुलावरून उतरा.

बुधवार, १३ मार्च. संध्याकाळ
बॅग सहा किलो नऊशे. तीन वेळा तोलली. आता कोण हसतो बघू.

मेहुण्यांना काय न्यायचं हे राहिलंच होतं. निवृत्तीला मिळालेलं संगमरवरी घड्याळ नेतो. घड्याळ दोन किलो. ते कोटाच्या खिशात. खिसा सामानात धरत नाहीत. दार ओलांडलं की बॅगेत टाकायचं. याला अक्कल लागते.

गुरुवार, १४ मार्च. दुपार, मेहुण्यांचं घर
प्रवास सुखरूप. विमान सतरा मिनिटं उशिरा सुटलं. लोकांना शिस्त नाही.

संध्याकाळ
थोडा तपशील राहिला. आमची जागा बाविसाव्या रांगेत. बॅग मी चौथ्या रांगेवर ठेवली. उतरताना हाताशी येते. नियम विसरलो नव्हतो. नियम नवख्यांसाठी असतात.

चौथ्या रांगेत काठी घेतलेल्या एक आजी आल्या. त्यांच्या छोट्या बॅगेला जागा उरली नाही. चिंगीने सगळ्यांना विचारलं, ही निळी बॅग कोणाची? मी गप्प राहिलो. ओळख दाखवायची नाही अशी अटच होती. तिने परत विचारलं. ही माझ्याकडे बघायला लागली. म्हणून उठलो. म्हटलं, आपली बॅग न काढताही जागा करता येते, ती करून दाखवू.

सात बॅगा खाली काढल्या. मधली वाट बंद झाली. मागून लोक येतच होते. चिंगी म्हणाली, सर, प्लीज जागेवर बसा. मला सर म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. बरं वाटलं.

पाच बॅगा बसल्या. सहावीची मूठ अडकली. कप्प्याचं झाकण लागेना. मी खांदा लावला.

मग माझी बॅग खाली आली. घड्याळासकट. आजींना काही लागलं नाही, कारण चिंगीने मध्ये हात घातला. मी ओरडलो, चिंगे! हे अख्ख्या विमानाने ऐकलं.

एवढंच झालं. लोक राईचा पर्वत करतात.

शुक्रवार, १५ मार्च
चिंगीला तीन फोन केले. उचलले नाहीत. हिने केला तर पहिल्या रिंगला उचलला. मनगट सुजलं आहे. हाड शाबूत. तपासणीचं काय झालं ते हिने विचारलं नाही आणि मला विचारायला सांगता आलं नाही.

घड्याळ दहा वाजून चाळीस मिनिटांवर थांबलं आहे. काच गेली. मेहुण्यांनी ते तसंच कपाटावर मांडलं आणि छान आहे म्हणाले. जेवताना घास उतरत नाही. हवा बदलली की होतं असं.

रविवार, १७ मार्च
एक गोष्ट लिहायची टाळत होतो. लिहून टाकतो.

बॅग पडल्यावर तपासनीस बाई वही घेऊन पुढे आल्या. त्यांनी मला विचारलं, तुम्ही या कर्मचारी मुलीला ओळखता का? मी म्हटलं, नाही.

अट पाळली. शब्दाचा मी पक्का आहे.

चिंगी शेजारीच उभी होती, एका हाताने दुसरं मनगट धरून. ती म्हणाली, मॅडम, हे माझे वडील. निळी बॅगही यांचीच आहे. उशिराचं कारण मी तसंच लिहिते. मग मला म्हणाली, बाबा, बसा आता.

बाविसाव्या रांगेपर्यंत चालत गेलो. वाट मोकळी होती. सगळे अंग चोरून मला जागा देत होते.

सोमवार, १८ मार्च
परतीचा प्रवास. बॅग पायाशी, पुढच्या सीटखाली. गुडघे छातीला टेकले. वरचा कप्पा अर्धा रिकामा होता. ही म्हणाली, ठेवा की वर. नाही ठेवली.

बुधवार, २० मार्च
हिने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. त्या तीन शर्टांच्या वेळी चिंगीच्या ड्युटीच्या खोलीत सगळे खिदळत होते. चिंगीने तिथल्या तिथे सांगितलं होतं, ते माझे बाबा आहेत. मग कोणी हसलं नाही.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ही म्हणाली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिने सांगू दिलं नाही.

१७ तारखेची नोंद परत वाचली. 'अट पाळली' हे खोटं आहे. बाईंच्या हातात पेन होतं, लोक बघत होते आणि मी घाबरलो. अट मला त्या क्षणी आठवलीही नव्हती. ती विमान उडाल्यावर आठवली. मला माझी लाज वाटते. शर्टांची वाटली होती ती काहीच नव्हती.

शनिवार, २३ मार्च
उद्या चिंगी येणार. माफी लिहून काढली. दीड पान झाली. त्यातलं एक पान गर्दीबद्दल होतं, ते फाडलं. उरलेलं पाठ केलं. उद्या दारातच म्हणायचं.

रविवार, २४ मार्च
दारात म्हणायचं राहिलं. हात बांधलेला पाहिला आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

तपासणीत पास झाली नाही. तीन महिन्यांनी परत संधी आहे. हे तिने जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.

मी म्हटलं, बॅग दे, माळ्यावर ठेवतो. ती म्हणाली, राहू द्या बाबा. स्टुलावर चढली. खडूच्या रेघा बघून विचारलं, हे काय आहे? हिने सांगितलं, विमानातला कप्पा आहे, तुझ्या तपासणीच्या आधी चार दिवस सराव चालला होता. चिंगी रेघांकडे बराच वेळ बघत राहिली. मग एका हाताने बॅग ठेवली. चाकं आत, मूठ बाहेर. अगदी कडेला सरकवली आणि मला म्हणाली, बाबा, तुमची पण आणा. दोन्ही मावतील.

मी आतल्या खोलीत गेलो. तिने दोनदा हाक मारली. सापडत नाहीये, असं मी आतूनच सांगत राहिलो.

बॅग समोरच होती.