नहराच्या रस्त्यावरची तयारी

२२ मार्च, रविवार
निर्णय पक्का. १२ एप्रिलला भीमजयंतीनिमित्त गडचिरोलीत दहा किलोमीटरची दौड आहे. नाव दिलं. वय सेहेचाळीस, पण नववीला भूगोल शिकवताना दिवसभर उभाच असतो. स्टॅमिना आहेच.
मोबाइलवर एक माणूस सांगत होता की धावण्याआधीच्या लहान सवयींनी आत्मविश्वास येतो. रात्रीच कपडे काढून ठेवले. मोजे बुटात. केळं बाटलीशेजारी.
बायकोनं, रिनानं विचारलं, पळणार कुठी? म्हटलं, नहराच्या रस्त्यानं, कालव्याच्या कडेकडेनं. ती म्हणाली, तिथी वाघ हाय. बायकांना प्रोत्साहन देता येत नाही.

२३ मार्च, पहाटे ५.००
उठलो. कोमट पाणी. घोटे फिरवले. लेस दुहेरी गाठ. लेस घट्ट वाटली, सोडून पुन्हा बांधली. संडास, दोनदा. ६.२० झाले. सकाळची शाळा आहे. धावलो नाही, पण तयारी नव्वद टक्के झाली.

२६ मार्च
शेजारचा पत्रू वनखात्यात रोजंदारीवर आहे. तो म्हणाला, नहराजवळ कॅमेरे लावून राह्यलो, वाघीण हाय, संगं दोन पिल्लं, परवा बकरी नेली. मोहफुलं वेचायला एकटं जाऊ नका म्हणून गावात सांगितलं. मी त्याला समजावलं की वाघ माणसाला भितो. पत्रू माझ्या बुटांकडे पाहत राहिला. नवीन आहेत.

२९ मार्च
पहिलं प्रत्यक्ष धावणं. तीनशे मीटर. नंतर चाललो, कारण सुरुवातीला जोर करू नये.
धुळीत माझ्या जातानाच्या बुटाच्या ठशावर येताना दुसरा ठसा दिसला. गोल, नखं नाहीत. माझ्या पंज्याएवढा. कुत्रा मोठा असावा.
घरी सांगितलं नाही. रिना उगाच घाबरते.

१ एप्रिल
वच्छलाबाई आल्या. गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात, साठीच्या. म्हणाल्या, सर, तुमी रोज तिकडं जाता म्हणे. बाकीच्या बाया येत नाईत, मोह खाली पडून सडून राह्यला. तुमच्या मागं मागं येऊ काय?
म्हटलं, बिनधास्त या. वाघबिघ काही नाही.
रिना आतून ऐकत होती.

४ एप्रिल
तीन दिवस वच्छलाबाई सोबत. त्या मोहाखाली वेचतात, मी जवळ वॉर्मअप करतो. आज चाळीस मिनिटं. पळायला वेळ उरला नाही, पण अंग मोकळं झालं.
वानरं झाडावरून सारखी खोकत होती. बाई म्हणाल्या, सर, हे बरं नाई. मी म्हटलं, त्यांना आपली सवय नाही. बाई हसल्या आणि पुन्हा वाकल्या. माझ्यावर त्यांचा भरवसा आहे. असा भरवसा माणसाला बळ देतो.

७ एप्रिल, सकाळी ७.०५
दोन किलोमीटर, अकरा मिनिटं. आजवरचं बेस्ट. तयारीचं फळ. शाळेत निरोप धाडला, येत नाही.

७.३०
रिनानं विचारलं, वच्छलाबाई कुठी? म्हटलं, येत असतील मागून.

७.४०
खरं म्हणजे असं झालं. मी पोटऱ्या ताणत होतो. बाई पाठमोऱ्या. त्यांच्या पलीकडच्या झुडपात पिवळं काहीतरी बसलं. मग त्याला कान दिसले. ओरडायला हवं होतं. मी तोंड उघडलं होतं, तेवढं आठवतं. त्यानंतर एकदम आमचं फाटक.

७.४५
रिना पुन्हा समोर उभी राहिली. म्हणाली, तुमी खरं सांगा. सांगितलं. तिनं चप्पलही घातली नाही, पत्रूच्या घरी धावली. माणसं काठ्या, डबे घेऊन गेली. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. धावल्यावर लगेच श्रम करू नयेत.

९.२०
आणल्या. जिवंत. खरचटलंसुद्धा नाही. मोहाच्या बुंध्याला पाठ लावून तासभर उभ्या होत्या, काठीनं टोपली बडवत. वाघीण वीस हातांवर बसून बघत होती. माणसांचा गलका आला तेव्हा उठून गेली.
पत्रूनं सगळ्यांसमोर विचारलं, सर कुठी होते? बाई म्हणाल्या, पुढं गेलते, त्यायले दिसलं नसंन. मी तीनदा आवाज देल्ला.
मी म्हणालो, कानात वारा असतो.

१२ एप्रिल, रविवार
दौडीला गेलो नाही.
दहाच्या सुमारास रिनानं पेजेचा डबा हातात दिला, म्हणाली, तुमीच नेऊन द्या. वच्छलाबाईंना पाच दिवस ताप आहे. खाटेवर बसल्या होत्या, आवाज बसलेला. डबा घेतला. आज तुमची शर्यत होती ना, म्हणाल्या. जायला पायजे होतं. तुमी लय चांगले पळता.
टोमणा नव्हता. तो असता तर उत्तर देता आलं असतं.
घरी येऊन हे लिहितो आहे. बाई तीन हाका म्हणतात. त्या पाच होत्या.