रूपाबाईची रेघ

३ फेब्रुवारी १९७४
हिंगोलीत पोचलो एकदाचा! टांग्यात ट्रंक पायाशी आणि कार्डिओग्रामचं यंत्र मांडीवर. टांगेवाल्याने विचारलं, लेकरू हाय का काय. म्हटलं, व्हय, माझंच. गावभर हळद शिजवल्याचा वास आहे. दवाखाना दोन खोल्यांचा, पण मला महालच वाटला. नर्स पद्माबाई चहात साखर सढळ हाताने घालतात.

९ फेब्रुवारी
तांड्यावरून भीमसिंग बायकोला घेऊन आला. रूपाबाईला दम लागतो, पाय सुजतात. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. मी हातापायांना पट्टे बांधले, रेघ काढली. सुरेख आली. काळीज ठणठणीत आहे, यंत्र खोटं बोलत नाही, असं ऐटीत सांगितलं. भीमसिंगने तो कागद मागून घेतला, घडी करून तिच्या दंडाला ताईत म्हणून बांधला. हळदीच्या कढईवर कामाला धाडू का, विचारलं. खुशाल धाड म्हणालो.

१६ फेब्रुवारी
रूपाबाईला बैलगाडीतून आणलं. कढईपाशीच कोसळली होती. नाडी नाही, श्वास नाही. छाती दाबत राहिलो. व्यर्थ. मग यंत्र जोडलं, तर रेघ आली. तशीच सुरेख.
यंत्राला फक्त काळजाला सुटलेला विजेचा हुकूम दिसतो. तामील झाली का, रक्त पुढे ढकललं गेलं का, ते दिसत नाही. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते! त्या सुजलेल्या पायांवर मी विश्वास ठेवला नाही. फार वाईट वाटतंय.
ती गेली म्हणून सांगितलं. भीमसिंग ऐकेना. कागद चालून राहिला, तुमीच म्हनले खोटं बोलत न्हाई, मंग सरण काहून रचू?

१७ फेब्रुवारी
रेघ थांबत नाही. पट्टे सोडले — तरी यंत्राचा काटा हलतोच. भीमसिंग तिला पटक्याने वारा घालतोय. पद्माबाई रडतात, बाईला सुटू द्या म्हणतात. कशी सुटणार? माझ्याच शब्दाने अडकलीय.

१८ फेब्रुवारी
कागद संपला. काटा चालूच. आता वास हळदीचा नाही —
यंत्र विहिरीत टाकायला उचललं. कुशीत ऊब लागली, आतून धडधड —

१९ फेब्रुवारी
कागदाची नवी गुंडाळी लावून पट्टे मलाच बांधले. जिवंत माणसाची रेघ वेगळी असते, हे भीमसिंगला पटलं की तो तिला नेईल. रेघ आली — रूपाबाईचीच.
म्हटलं, बघ, यंत्र खोटं आहे, माझी नाडी बघ. त्याने मनगट धरलं. बोटं सरकवून सरकवून नाडी शोधत राहिला.
आता तो मलाही वारा घालू ला—