दारोगासाहेबांची मान हलली

मुक्काम इंझोरी,
भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८५७

तीर्थस्वरूप सौ. आवडाक्काच्या पायी धाकटा भाऊ शालिग्राम याचा दंडवत. उकंडराव भाऊजींना तर दोन दंडवत, कारण पत्र तेच वाचून दाखवणार, आणि मान कमी पडला की ते मधल्या ओळी गाळतात असा माझा जुना अनुभव आहे. (भाऊजी, ही ओळही वाचावी.) मी इकडे खुशाल आहे असं आधी लिहून टाकतो, पुढचा मजकूर ऐकून ते खरं धरायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. आक्का, तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधत जा, आणि बांधल्यावर घटकाभर बसत जा. तू पान बांधून लगेच शेतात निंदणाला जातेस, मग त्या पानाने करायचं काय? काळी गाय व्याली का? माझ्या लग्नाचं तू दर पत्रात विचारतेस. त्याचं उत्तर या पत्रात कुठेच नाही, तेव्हा भाऊजींनी ते शोधत बसू नये.

आता मुद्द्याचं. आसेगावच्या बाजारात तुमच्या कानावर आलंच असेल, की शालिग्रामने सरकारी वळू चोरला आणि तो पोहरादेवीच्या जत्रेत विकणार आहे. सांगणाऱ्याला एवढं तरी विचारायचं, की जत्रा भरते रामनवमीला. तिला अजून सात महिने आहेत, तोवर मी वळू काय उशाखाली ठेवणार? वळू गोठ्यात उभा आहे आणि माझ्यापेक्षा बरं खातो आहे. चोरी झाली नाही, विक्री होणार नाही. झालं ते एवढंच, की मी परवानगी घेतली, आणि ज्यांनी ती दिली ते म्हणतात मी दिलीच नाही.

आमच्या गोठ्याचं कामकाज कसं चालतं ते सांगितल्याशिवाय तुला माझा गुन्हा कळायचा नाही. इकडच्या गाईंची पैदास सुधारावी म्हणून सरकारने इथे एक वळू ठेवला. त्याचं नाव जमादार. वळूवर देखरेखीला दारोगा जगदेवराव, त्यांच्या हाताखाली मुन्शी म्हणून मी, आणि शेणगोठ्याला नथ्थू. म्हणजे एका जनावरामागे तीन माणसं, आणि तिघांत मिळून जनावराचाच दरारा जास्त. दारोगासाहेब माणूस वाईट नाही. मारुतीच्या देवळात रोज पोथी वाचतात, गाव त्यांना मानतं. बायको वारून सहा वर्षं झाली. नथ्थूची बायको जमनाबाई त्यांचा स्वयंपाक करते, आणि दोन सड्या माणसांनी दोन चुली कशाला पेटवायच्या म्हणून चार वर्षं मीही तिथेच जेवत आलो. आता चातुर्मासात दारोगासाहेबांचं जेवताना मौन असतं. पाटावर बसले की चूळ भरेपर्यंत शब्द नाही. जेवण झालं की झोप, झोप झाली की पोथी, पोथी झाली की भजन. मग सरकारी काम विचारायचं कधी? तर जेवताना. मी घास गिळत विचारायचं, त्यांनी मान हलवायची. गेल्या चार चातुर्मासांत कडबा आला तो मानेवर, मिठाचे खडे आले ते मानेवर, गोठ्याचं कुडाचं दार बदललं तेही मानेवरच. कागद म्हणून कधी झाला नाही. मला त्या मानेची इतकी ओळख झाली होती, की पुढे-मागे हलली तर हो, आडवी हलली तर नाही, आणि नुसत्या भुवया वर गेल्या तर तूप, हे मी झोपेत सांगितलं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गुलाबराव पाटील गोठ्यावर आले आणि म्हणाले, यंदा जमादाराला पोळ्यात आणा, गावाचं नाव होईल. मी म्हटलं, पाटील, पोळा राबणाऱ्या बैलांचा. याच्या मानेवर जन्मात जू पडलेलं नाही. त्यावर ते म्हणाले, "तो जे करते त्याले का काम म्हनत नाई, मुन्शीजी?" (भाऊजी, हे आक्काला समजावून सांगायच्या भरीस पडू नये.) तरी मी कायद्याने वागलो. पोळ्याच्या दुपारी पाटावर बसल्यावर पहिल्या पुरणपोळीलाच विचारलं, की साहेब, पाटील जमादाराला पोळ्यात मागतात, नेऊ का? दारोगासाहेबांची मान हलली. पुढे-मागे. एकदा नाही, दोनदा. वर डोळेही मिटले, ते पुरणासाठी असतील, पण मान हलली हे मी मारुतीसमोर सांगायला तयार आहे.

मग काय, नथ्थूने आणि मी जमादाराला नदीवर धुतला, पाठीवर गेरूचे ठसे उमटवले, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग. नवरदेव दिसत होता. वेशीत तोरण बांधलेलं, पुढे पाटलांची मानाची जोडी, मागे आम्ही. इथवर सगळं छान. पण जमादाराने आंब्याच्या पानांचं तोरण आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि सरकारी गोठ्यात वर टांगलेली हिरवी वस्तू ही खायचीच असते. पोळ्याच्या झडत्या गाणं चालू होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे, तेवढ्यात याने मान लांब केली आणि तोरण खाल्लं. मानाची जोडी खालून जायच्या आधी खाल्लं. सुतळीसकट खाल्लं. कुणीतरी घाबरून डफडं वाजवलं ते नेमकं याच्या कानाशी, आणि जमादार निघाला. कासरा माझ्या हाताला गुंडाळलेला, म्हणून मीही निघालो. कोण कोणाला नेतो आहे हे बघणाऱ्यांना चांगलं दिसत होतं. थांबला तो थेट नाल्याकाठच्या मनकर्णाबाई माळिणीच्या मळ्यात. मेथीचे दोन वाफे खाल्ले, कोथिंबीर तुडवली, आणि वांग्यांवर अंग टाकून रवंथ करत बसला. दिवेलागणीला आठ माणसं लागली त्याला उठवायला.

यावरही पडदा पडला असता. पण चार वर्षांत ज्या अकोल्याच्या मोठ्या साहेबांनी कधी गोठा पाहिला नव्हता, ते दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला हजर. जमादार अंगाला हात लावू देत नव्हता, त्यामुळे बेगड, गेरू, घुंगरं सगळं जिथल्या तिथे, आणि बाशिंग एका कानावर लोंबत होतं. साहेबांनी विचारलं, हे कोणाच्या हुकमाने? मी दारोगासाहेबांकडे पाहिलं. दारोगासाहेबांनी जमादाराकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, चातुर्मासात जेवतानी माह्यं मौन असते, साऱ्या गावाले ठाव हाय. मौनात मी परवानगी देऊ कसा?" आणि मान हलली ती कशाला, असं मी धीर करून म्हटलं, तर म्हणाले, जमनाबाई पोळी वाढत होती, तिला हो म्हटलं.

आता तूच बघ आक्का, मी कसा अडकलो ते. मी म्हणायचं की त्यांनी परवानगी दिली, म्हणजे त्यांचं मौन मोडलं म्हणायचं. चातुर्मासात, देवळात पोथी सांगणाऱ्या माणसाचं! जमनाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मी पोयी पाहू का मान पाहू?" पाटील, जे स्वतः मागायला आले होते, ते म्हणाले, मुन्शीजी, देवाधर्माच्या गोष्टीत खोटं काहून बोलता? साहेबांनी कागद लिहवून घेतला, की मुन्शी शालिग्राम याने कोणाला न विचारता वळू नेला. त्यावर सही केली तर ताकीद देऊन ठेवतील, नाही केली तर पौर्णिमेनंतर घरी. तो कागद माझ्यासमोर पाटीखाली दाबून ठेवलेला आहे.

तेव्हापासून गाव माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही, शिव्या देत नाही, नुसतं बोलत नाही. मी वेगळी चूल मांडली. भाकरी एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते, दोन्ही एकदम कशी जमते ते मला अजून कळलेलं नाही. पहिले चार दिवस एकच माणूस माझ्याशी बोलत होतं, ते म्हणजे मनकर्णाबाई. रोज सकाळी दारात उभी राहून मेथीवरून माझा उद्धार करायची. तिला पैसे नको होते, वाफे पुन्हा बांधून हवे होते. "काहून मुन्शी, आज तरी येतं का कुदय घेऊन?" मी आज-उद्या करत राहिलो. आळस म्हणून नव्हे. ती यायची म्हणून. पाचव्या दिवशी लाज वाटली आणि जाऊन सगळे वाफे नीट बांधून दिले. सहाव्या दिवशी ती आली नाही. काम झालं होतं, तिने कशाला यावं?

आणि मग महालक्ष्म्या आल्या. तुला माहीत आहे, चार वर्षं या दिवशी मला पाच घरांची बोलावणी असायची. कुठे आंबील घ्यायची आणि कुठे सोळा भाज्यांना बसायचं याचाच घोळ. यंदा मी सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून बसलो. घरोघर पंगती उठल्याचं ऐकू येत होतं. तिसऱ्या प्रहरी मी धोतर बदललं. आक्का, फार एकटं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तरी काळजी करू नकोस. मी सही करणार नाही. खरं ते खरं. आपल्या बापाने कधी खोट्या कागदावर अंगठा केला नाही, मला तर लिहिता येतं. भाऊजींची अकोल्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाशी ओळख आहे, त्याच्या कानावर त्यांनी माझी बाजू घालावी आणि मान दोनदा हलली हे विसरू नये. मुलांना आशीर्वाद, काळ्या गाईच्या पाठीवर माझ्या वतीने एक थाप, आणि तुमच्या उंबरठ्याला माझा नमस्कार.

तुझा,
शालिग्राम

ता. क. आक्का, धोतराला ठिगळ लावायला तुझ्याकडचा जाड दोरा पाठव. इकडचा टिकत नाही.

ता. क. दुसरा. भाऊजी, हा भाग मनात वाचावा. एकदम थांबलात तर ती ओळखेल, तेव्हा इथे खोकत राहावं. आज त्रयोदशी. वरचं पत्र तीन दिवसांपूर्वीचं आहे. फाडायचं जिवावर आलं म्हणून तसंच पाठवतो. मी काल सही केली. कारकुनाला काही सांगू नका. दारोगासाहेब स्वतः दारात आले होते. कागदाचं नाव काढलं नाही, एवढंच म्हणाले, "एकट्यानं जेवन जात नाई, शालिगराम." मी सही करून कागद त्यांच्या हातात दिला. पण त्यांच्यासाठी केली असं समजू नका. मान हलली तेव्हा जमनाबाई पोळी घेऊन माझ्या मागेच उभी होती, हे मला दिसलं होतं. पुन्हा एकदा विचारून घ्यावं असं मनात आलंही होतं. विचारलं नाही. पाटील आदल्या दिवशी म्हणाले होते, की कासरा तुमच्याच हातात राहील. चार पोळे मी भिंतीला टेकून पाहिले, भाऊजी. ज्याच्याकडे बैल नाही त्याला रांगेत कोण उभं करतो? या वेळी बाया आरती घेऊन येणार होत्या आणि जमादारासोबत मलाही कुंकू लावणार होत्या. ती मान परवानगीची होती की पोळीची, मला खरंच माहीत नाही. पण मी ती माझ्या सोयीची धरली. आक्काला सांगा, शालूने सही केली नाही. तिला तेवढं ऐकून बरं वाटेल. काल दुपारीच मी पुन्हा त्यांच्या पंगतीला बसलो. त्यांचं मौन होतं, आणि मलाही विचारायला काही सुचलं नाही.

ता. क. तिसरा. खोकला थांबवून हे मोठ्याने वाचावं. आक्का, आज मनकर्णाबाई वाटेत भेटली. वाफ्यांना पाणी चांगलं बसलं म्हणाली. मग उभी राहून मला विचारलं, "मुन्शी, तुले कोनी हाय का नाई?" मी म्हटलं, आहे की, आसेगावला सख्खी बहीण आहे, मेहुणे आहेत, भाचे आहेत. तर म्हणाली, "मंग चार वर्सांत कोनी आलं काहून नाई?" मी नाले भरलेले असतात म्हणून सांगितलं. चार वर्षं नाले भरलेलेच कसे राहतील, आक्का? दसऱ्याला ये. पुरण मी शिजवीन, तू फक्त माझ्या दारात बस.