आखूड बाही

३ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. शिवणकाम बरं चाललंय. घरात कुणाला बोलले नाही, पण बावन्नाव्या वर्षी मी दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. आधी हसून घे, मग पुढे वाच. बाकी विषय जमतात. इंग्रजीतल्या फ्रेज आणि क्लॉजपाशी गाडं अडलंय. फ्रेज म्हणजे शब्दांचा घोळका, क्लॉजही घोळकाच, मग दोघांत वाकडं कशावरून? छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका शोधतोस, थोडी अक्कल इकडेही पाठव.
लोभ असू दे. संपला असेल तर बायकोकडून उसना आण.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हसलो नाही. बरं, थोडासा. अगं, फ्रेज म्हणजे सुटी बाही : 'बिहाइंड द डोअर'. तिथे कोण, काय करतंय, पत्ता नाही. क्लॉजमध्ये कर्ता असतो आणि त्याचं क्रियापद : 'शी स्टिचेस'. हा अख्खा झगा. 'व्हेन शी स्टिचेस' हाही क्लॉजच, पण अस्तरासारखा. मापात असला तरी एकटा घालून बाहेर पडता येत नाही.
लोभ आहेच, वाढवावा.
तुझा धाकटा
ता. क. तुझ्या पत्रातल्या सतरा चुका सवयीनं लाल शाईत दुरुस्त केल्यात. पत्र सोबत परत पाठवतोय.

१५ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. बाही, अस्तर समजलं. लाल पत्रही मिळालं. लेकीनं विचारलं, हे काय. म्हटलं, मामाचं प्रेम. अठरावी चूक मात्र तुझ्या नजरेतून सुटली : तो फॉर्म. एक तारखेला जाऊन मागे घेते. तुझा दोष नाही, माझीच नसती हौस.
ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. मी गाढव आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू आठवीतून घरी बसलीस आणि मी शाळेत जात राहिलो. त्या वर्षी माझा शाळेचा सदरा तू शिवलास, तुझा पहिलाच. डावी बाही चार बोटं आखूड होती. मी तो वर्षभर घातला. परत दिला नाही, तुला कळूही दिलं नाही. तेव्हाची ती अक्कल पुढे कुठं सांडली कोण जाणे. ताई, फॉर्म राहू दे. हे पत्र पुन्हा न वाचताच टाकतोय, चुका असतील.
रागावलीस तरी लोभ ठेव.
धाकटा

२७ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. फॉर्म ठेवलाय. लेकीलाही सांगितलं, आता ती पोळ्या लाटतानासुद्धा प्रश्न विचारून छळते. अभ्यास पाठवतेय. 'विथ वन शॉर्ट स्लीव्ह' : फ्रेज. 'यू वोअर इट' : क्लॉज. चुकलं असेल तर खुशाल लाल कर.
आणि मेल्या, बाही आखूड होती हे एकोणचाळीस वर्षांनी सांगतोस? सदरा असेल कुठे तर पाठव. उसवून नीट लावून देते.
तुझी ताई